बाग कोणाची? चर्नी रोडच्या बागेपासून कलम १५ पर्यंत

दाट वस्तीत एखादा भूखंड मोकळा राहिला आणि तिथे बाग करा अशी मागणी केली, की आपलेच काही कार्यकर्ते म्हणतात, "आधी घर, पाणी, नोकरी, बाग ही पोट भरलेल्यांची चैन." आपला इतिहास मात्र वेगळे सांगतो.

विद्यार्थी भीमराव परळच्या डबक चाळीत एका खोलीत राहत होता. स्वयंपाक, झोप, अभ्यास सगळे तिथेच. शाळा सुटल्यावर तो चर्नी रोडच्या बागेत वाचत बसे. तिथेच कृष्णाजी अर्जुन केळुस्कर गुरुजींनी त्याला पाहिले, विचारपूस केली, पुस्तके दिली. पुढे सत्कारसभेत त्यांनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र त्याला भेट दिले. बडोद्याच्या शिष्यवृत्तीसाठीही त्यांनीच शब्द टाकला. घरात जागा नसलेल्या मुलाला बागेने वाचायला जागा दिली आणि गुरूही भेटवला. मग ती चैन कशी?

आता त्याच शहराची दुसरी बाजू पाहा. १८९६ च्या प्लेगनंतर १८९८ मध्ये बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. दाट वस्त्यांत हवा आणि उजेड आणणे हे त्याचे काम. ट्रस्टने दादर-माटुंग्याला रुंद रस्ते, झाडे आणि बागा आखल्या. फाइव्ह गार्डन्स त्याच आखणीतली. श्रमिकांना मात्र एका खोलीच्या बीआयटी चाळी मिळाल्या. परळच्या अशाच चाळीत दोन खोल्यांत बाबासाहेबांचे कुटुंब दीर्घकाळ राहिले. नंतर ते हिंदू कॉलनीतल्या 'राजगृहा'त गेले. एकाच ट्रस्टच्या दोन्ही मुंबई त्यांनी पाहिल्या. हवा-उजेडाची वाटणीही इथे वर्ग आणि जात पाहूनच झाली.

१९२३ मध्ये सी. के. बोले यांचा ठराव मुंबई कायदे मंडळात मंजूर झाला. सार्वजनिक पैशावर चालणारे पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा, दवाखाने अस्पृश्यांना खुले असावेत, असे तो सांगत होता. तरी २० मार्च १९२७ ला चवदार तळ्यावर जावेच लागले आणि न्यायालयीन निकालासाठी १९३७ उजाडले. कागदावर खुले आणि प्रत्यक्षात खुले यांतले अंतर महाडने दाखवून दिले. पुढे संविधानाच्या कलम १५(२) ने विहिरी, तलाव, रस्ते यांच्या जोडीला सार्वजनिक राबत्याच्या जागाही घेतल्या. सरकारी पैशावर चालणारी बाग त्यातच येते. २४ मे १९५६ ला परळच्या नरे पार्कात बाबासाहेबांनी धम्मदीक्षेचा निर्धार जाहीर केला, तोही अशाच मोकळ्या जागेत, गिरणगावातल्या आपल्या लोकांसमोर.

आज बागेच्या दारावर कोणी जात विचारत नाही. पण दुपारी कुलूप असते, तेव्हा रस्ता झाडून दमलेली सफाई कामगार ताई कुठे बसणार? शौचालय नसेल तर बाया किती वेळ थांबणार? 'सभा-कार्यक्रमास मनाई'ची पाटी असेल तर जयंती कुठे करायची? देखभालीच्या नावाखाली जागा क्लबच्या ताब्यात गेली, तर फी कोण भरणार? केंद्राची नियोजन मार्गदर्शक तत्त्वे माणशी १० ते १२ चौरस मीटर मोकळी जागा सुचवतात. मुंबईत माणशी २ चौरस मीटरही नाही. इतक्या टंचाईत प्रत्येक कुलपाची किंमत एका खोलीत राहणाराच मोजतो.

म्हणून मित्रांनो, मागणी नेमकी करा. रात्री अभ्यासापुरता दिवा आणि उघडे दार, पाणी, शौचालय, व्हीलचेअर जाईल अशी वाट, सभेपुरती मोकळी जमीन. आराखडा मंजूर होण्याआधी तो वस्तीसमोर मांडला जावा, देखभाल समितीत वस्तीतल्या बाया आणि सफाई कामगार असावेत. प्रभागाच्या विकास आराखड्यात आपल्या भागातले कोणते भूखंड बागेसाठी राखीव आहेत आणि आज त्यावर कोणाचा ताबा आहे, ते माहिती अधिकारात काढा. महाडला प्रश्न पाण्याचा होता तसाच माणूस म्हणून बरोबरीचाही होता. बागेचा प्रश्न तोच आहे.

जय भीम!