घराची झाडझूड आणि फरास, भिस्ती, पिंजारी

शाबान लागला की आमच्या वर्गातल्या मुलींची हजेरी घटते. दुसऱ्या दिवशी विचारले तर उत्तर ठरलेले, "सर, घर में सफाई चल री थी." मुलांचे बाक मात्र भरलेले असतात. सफाईचे महत्त्व सांगणारी हदीस उर्दू शाळेच्या भिंतीवर हमखास रंगवलेली असते. ती पाठ म्हणतात मुलगे आणि अमलात आणतात त्यांच्या बहिणी. हे आम्ही वर्गात बोलून दाखवले तेव्हा मुलगे हसले. मुली हसल्या नाहीत.

त्या रिकाम्या बाकांमुळेच आम्ही या झाडझुडीचा इतिहास शोधू लागलो.

इराणात नवरोजच्या आधी घरोघर जी मोठी सफाई होते तिला 'खाने-तकानी' म्हणतात. खाने म्हणजे घर. आपल्या दिवाणखान्यात आणि दवाखान्यात बसले आहे तेच. तकानी म्हणजे झटकणे, हलवणे. तबरेज, हमदान ही कोरड्या हवेची, बर्फाच्या हिवाळ्याची शहरे. तिथे थंडीत सगळे कुटुंब 'कुर्सी'भोवती बसत असे. ही आपली खुर्ची नव्हे. शब्द तोच, वस्तू निराळी. ठेंगणे लाकडी मेज, त्याखाली निखाऱ्यांची शेगडी, वर भली मोठी रजई आणि चारी बाजूंनी त्या रजईत पाय घालून बसलेली माणसे. दोन-तीन महिने असे काढल्यावर भिंतींना काजळी, पडद्यांना धूर, रजईला राखेचा वास. हवा कोरडी, त्यामुळे धूळ गालिच्याच्या गाठीगाठीत जाऊन बसते. बर्फ वितळू लागले की सारे सामान अंगणात येते. गालिचे झटकायचे, वाहत्या पाण्यात धुवायचे. तेहरानजवळच्या रे गावात चश्मे-अली नावाचा झरा आहे. तिथे धुतलेले गालिचे खडकांवर वाळत पडलेले असत. रशियात याहून गंमत. तिथे गालिचा कोरड्या बर्फावर पालथा टाकून बडवतात आणि धूळ बर्फात उतरते. पाणी लागतच नाही.

इराणी खेड्यांतली जुनी घरे सपाट मातीच्या छपरांची. भुसा मिसळलेल्या मातीचा थर द्यायचा आणि दगडी रूळ फिरवून दाबायचा. बर्फ पडले की फावड्याने खाली लोटायचे, नाहीतर ते वितळून घरात गळते. हे वाचताना खानदेशातल्या माणसाला परके वाटणार नाही. आपली धाब्याची घरे दुसरे काय आहेत? आपल्याकडे बर्फ नाही. सातपुड्यात डाब-तोरणमाळकडे कडाक्याच्या थंडीत दवबिंदू गोठतात, तेवढेच. आपली भीती पावसाची. म्हणून आपली मोठी सफाई उन्हाळ्यात. धाब्यावर नवी माती, भिंतींना चुना, जमिनीला सारवण आणि गोधड्यांची गाठोडी नदीवर.

पण हा झाला हवामानाचा हिशेब. आम्हा मुसलमानांच्या घरी दुसरे एक घड्याळ चालते. नवरोज सूर्याला बांधलेला, दरवर्षी २० किंवा २१ मार्चच्या सुमारास. रमजान चंद्राचा, दरसाल दहा-अकरा दिवस मागे सरकतो आणि साधारण ३३ वर्षांत सगळे ऋतू फिरून येतो. १९९३ मध्ये तो फेब्रुवारीत होता, २०२६ मध्ये पुन्हा फेब्रुवारीत आला. मधल्या काळात आपल्या आया-बहिणींनी थंडीत, उन्हात आणि भर पावसातही भिंती पुसल्या. २००४, २००५ आणि २००६ अशी लागोपाठ तीन वर्षे दिवाळी आणि ईद एकाच आठवड्यात आली. आम्ही तेव्हा शाळकरी होतो. दोन्ही घरचे डबे एकाच ओट्यावर वाळत आणि चुन्याची बादली या घरातून त्या घरात जाई. ती कोणाची होती हे शेवटपर्यंत कळले नाही.

आता इतिहासाकडे. नवरोज हिंदुस्थानात थाटाने साजरा केला अकबराने. १५८४ मध्ये त्याने सौर 'इलाही' सन सुरू केला आणि नवरोज दरबारी सण झाला. इंग्रजांचा वकील सर टॉमस रो १६१५ मध्ये सुरतेहून निघाला तो नंदुरबारच्या वाटेने बऱ्हाणपूरला गेला आणि पुढे अजमेरला जहांगीराच्या दरबारात मार्च १६१६ चा नवरोज त्याने डोळ्यांनी पाहिला. औरंगजेबाने १६५९ मध्ये दरबारातला नवरोज बंद केला. सण गेला, पण सजावट आणि सफाई करणारी माणसे राहिली. आमच्या दृष्टीने खरा इतिहास त्यांचाच.

अबुल फजलने 'आईन-ए-अकबरी'त बादशाही छावणीचा हिशेब दिला आहे. त्यात १००० फरास, १०० भिस्ती आणि १५० झाडूवाले आहेत. फरास इराण, तुराण आणि हिंदुस्थान अशा तिन्ही मुलखांतले. फर्श म्हणजे अंथरूण, जाजम. ते अंथरणारा, झाडणारा तो फरास. आपली फरशी त्याच घरची. पुण्यात 'फरासखाना' म्हटले की लोकांना पोलीस चौकी आठवते. पेशवाईत ते तंबू, जाजमे, गालिचे ठेवण्याचे ठिकाण होते. भिस्ती म्हणजे बिहिश्ती, जन्नतवाला. तहानलेल्याला पाणी देणाऱ्याला याहून मोठा किताब कोणता द्यायचा? झाडूवाल्यांना 'हलालखोर', म्हणजे कष्टाचे, हलालचे खाणारा, हे नाव अकबराने रूढ केले असे अबुल फजल सांगतो. मुंबई महापालिकेच्या १८८८ च्या कायद्यातही हलालखोर-कर होता. नाव सन्मानाचे दिले. पण त्या माणसाला कोणी शेजारी बसवले नाही. आपल्याच बिरादऱ्यांनीही नाही. मशिदीच्या सफेत एकत्र उभे राहतो आणि सोयरिकीच्या वेळी पेशा विचारतो, हे आपण मान्य करायला हवे.

चादर, पडदा, रुमाल, तक्क्या, जाजम, साफ, सामान हे सगळे शब्द फारसी-अरबीतून आलेले. कल्हईसुद्धा, 'कलई' म्हणजे कथील. शिवाजी महाराजांच्या काळात 'राज्यव्यवहारकोश' रचून फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द दिले गेले. कचेरीची भाषा त्याने थोडीफार पालटली असेल, पण घर झाडणाऱ्या बाईच्या तोंडचे शब्द कोणी हलवू शकले नाही. १९२५ मध्ये माधवराव पटवर्धनांनी, म्हणजे कवी माधव जूलियनांनी, 'फारसी-मराठी कोश' काढला. तो उघडून बसले की आपलेच घर आवरत असल्यासारखे वाटते.

राहिला पिंजारी. खानदेश कापसाचा मुलूख. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तिथला कापूस बंद झाला आणि इथल्या कापसाला सोन्याचा भाव आला. तो भाव पिंजाऱ्यापर्यंत किती पोचला असेल, सांगायला नको. गादी-रजईतला कापूस वापराने दबतो, गोळे होतात. तो उसवून, पिंजून पुन्हा भरावा लागतो. खांद्यावर कमान घेऊन पिंजारी गल्लीत येई. तातीचा तो तुण् तुण् आवाज आला की पोरे नाकावर रुमाल धरून भोवती जमत. गादी दुसऱ्याची हलकी होई, कापसाची धूळ याच्या छातीत जाई. पुढे यंत्रे आली, मग फोमच्या गाद्या.

मागे एकदा फॉर्म भरताना एक मुलगी टेबलाजवळ येऊन हळूच म्हणाली, "सर, मन्सूरी लिखो. पिंजारी मत लिखो." सरकारी यादीत पिंजारी, नद्दाफ, मन्सूरी ही नावे सगळीच आहेत, आम्ही तिच्या मनासारखे लिहिले. पण तास संपल्यावर तिला सांगितले की मन्सूरी लोक आपले नाव मन्सूर अल-हल्लाजशी जोडतात. सूफी होता, ९२२ मध्ये बगदादला त्याला ठार मारले. आणि अरबीत हल्लाज म्हणजे कापूस पिंजणारा.

ती बराच वेळ फॉर्मकडे बघत राहिली. मग म्हणाली, "दादा की कमान अब्बी माळे पर है, सर."

दुसऱ्या दिवशी ती गैरहजर. शाबान होता; माळा साफ करायचा होता.