एक लाख साठ हजारांचा पंतप्रधान

ब्रिटनच्या कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षाला मराठी वृत्तपत्रांनी फार पूर्वीच ‘हुजूर पक्ष’ असे नाव दिले आणि लेबर पक्षाला ‘मजूर पक्ष’. यमक जुळवण्यासाठी दिलेली ही नावे असतील. पण पहिले नाव नेमके बसले. मी महाविद्यालयात राज्यशास्त्र शिकवतो. पंतप्रधान संसदेला जबाबदार, संसद मतदारांना जबाबदार, ही ब्रिटिश राज्यपद्धतीची साखळी फळ्यावर काढायची आणि पुढच्या प्रकरणाकडे वळायचे, असा आम्हा शिक्षकांचा परिपाठ. २०१९ च्या उन्हाळ्यात या साखळीची एक कडी भलत्यांच्याच हातात असल्याचे जगाने पाहिले. ती घटना आता इतिहासात जमा झाली आहे. म्हणून तिची तपासणीही इतिहास म्हणूनच झाली पाहिजे.

पार्श्वभूमी थोडक्यात अशी. २३ जून २०१६ च्या सार्वमतात ५१.९ टक्के मतदारांनी युरोपीय संघातून बाहेर पडण्याचा कौल दिला. स्कॉटलंड आणि उत्तर आयर्लंड यांनी उलट कौल दिला होता. बाहेर पडायचे हे ठरले. कसे पडायचे हे मात्र मतपत्रिकेवर नव्हते. डेव्हिड कॅमेरून पायउतार झाले आणि थेरेसा मे पंतप्रधान झाल्या. २०१७ ची निवडणूक त्यांनी स्वतःहून ओढवून घेतली, तीत बहुमत गमावले आणि उत्तर आयर्लंडच्या डीयूपी पक्षाच्या दहा खासदारांच्या टेकूवर सरकार उभे राहिले. युरोपशी केलेला करार मेबाईंनी कॉमन्स सभागृहापुढे तीनदा ठेवला. १५ जानेवारी २०१९ रोजी तो ४३२ विरुद्ध २०२ मतांनी फेटाळला गेला. आधुनिक काळात कोणत्याही ब्रिटिश सरकारचा एवढा मोठा पराभव झालेला नव्हता. १२ मार्चला १४९ मतांनी आणि २९ मार्चला ५८ मतांनी तो पुन्हा पडला. २७ मार्चला सभागृहाने स्वतः आठ पर्याय मताला टाकले आणि आठही नाकारले. कोंडीचे मूळ आयर्लंडच्या सीमेत होते. १९९८ च्या शांतता करारानंतर ती सीमा खुली झाली होती, ती बंद करता येत नव्हती. आणि ती खुली ठेवायची तर युरोपच्या जकात व्यवस्थेत काही अंशी राहणे भाग होते. हुजूर पक्षातील कडव्यांना तेच मान्य नव्हते.

मे २०१९ मध्ये युरोपीय संसदेची निवडणूक झाली. तीत सत्ताधारी पक्षाला जेमतेम नऊ टक्के मते पडली आणि तो पाचव्या क्रमांकावर गेला. २४ मे रोजी मेबाईंनी राजीनामा जाहीर केला. प्रश्न सुटत नव्हता, म्हणून नेता बदलायचे ठरले.

नेता कोणी निवडायचा? १९६५ पर्यंत या पक्षात नेता निवडला जात नसे, तो ‘प्रकट’ होत असे. चार सरदार, दोन माजी मंत्री आपसात कुजबुजत आणि राजवाड्यात नाव पोचत असे. १९६३ साली लॉर्ड ह्यूम असेच प्रकट झाले. त्यावर पक्षाचेच एक नेते इयन मॅक्लाउड यांनी १९६४ मध्ये ‘जादूई वर्तुळ’ म्हणून टीका केली, ती गाजली. १९६५ मध्ये खासदारांनी मतदान करून एडवर्ड हीथ यांना निवडले. १९७५ मध्ये हीथ यांना हटवून थॅचरबाईंना आणले आणि १९९० मध्ये त्यांनाही घालवले, तेही खासदारांनीच. १९९८ मध्ये विल्यम हेग यांनी नियम बदलला: खासदारांनी उमेदवार गाळत गाळत दोनवर आणायचे आणि अखेरची निवड पक्षाच्या वर्गणीदार सभासदांनी टपालाने करायची.

अधिक लोकांना मत मिळाले, ही लोकशाहीची वाढच नव्हे काय? वरवर पाहता तसे दिसते. पण खासदार वर्तुळातला असला तरी दर निवडणुकीत त्याला सामान्य मतदाराच्या दारात उभे राहावे लागते. सभासद कोणाच्या दारात उभा राहतो? तो कोणालाच जबाबदार नसतो. नव्या नियमाची चुणूक २००१ मध्येच दिसली. केनेथ क्लार्क यांना खासदारांची सर्वाधिक मते होती. सभासदांनी इयन डंकन स्मिथ यांना निवडले, कारण क्लार्क युरोपवादी. दोन वर्षांत खासदारांनी स्मिथ यांना खाली खेचले. तेव्हा पक्ष विरोधात होता, त्यामुळे नुकसान झाले ते पक्षाचे. २०१६ मध्ये अँड्रिया लेडसम यांनी माघार घेतल्याने सभासदांवर मतदानाची पाळीच आली नाही. २०१९ मध्ये ती आली. पक्षाच्या सभासदांनी थेट देशाचा पंतप्रधान निवडण्याचा ब्रिटनच्या इतिहासातला तो पहिला प्रसंग.

दहा उमेदवार उतरले. १३ जूनच्या पहिल्या फेरीत बोरिस जॉन्सन यांना ११४ मते मिळाली, दुसऱ्या क्रमांकाच्या जेरेमी हंट यांना ४३. २० जूनच्या पाचव्या फेरीअखेर जॉन्सन १६०, हंट ७७, मायकेल गोव्ह ७५. गोव्ह दोन मतांनी बाहेर पडले. करार पुन्हा बदलून मिळणार नाही आणि संसदेला वळसा घालता येणार नाही, असे रोरी स्ट्यूअर्ट सांगत होते. ते दुसऱ्या फेरीत ३७ मतांपर्यंत चढले आणि तिसऱ्यात २७ वर घसरून गारद झाले. जॉन्सन यांनी ३१ ऑक्टोबरला काहीही होवो, बाहेर पडूच, असे सांगितले. सभागृहातले संख्याबळ तर बदलणार नव्हते. मग हे होणार कसे, याचे उत्तर त्यांना द्यावे लागले नाही. खासदारांनी त्यांना मते दिली ती सभासदांच्या कलाचा अदमास घेऊनच, असे माझे मत आहे.

हे सभासद होते तरी कोण? मतदार यादीत १,५९,३२० नावे होती. देशाचे नोंदलेले मतदार सुमारे पावणेपाच कोटी. म्हणजे तीनशे मतदारांमागे साधारण एक. वार्षिक वर्गणी २५ पौंड. अभ्यासकांच्या पाहण्यांनुसार हा समूह बहुतांशी गोरा, पुरुषांचा, सुस्थित आणि उतारवयाकडे झुकलेला. यूगव्ह या संस्थेने जून २०१९ मध्ये त्यांचा कौल घेतला. ब्रेक्झिटसाठी स्कॉटलंड फुटून गेले तरी चालेल म्हणणारे ६३ टक्के निघाले, अर्थव्यवस्थेचे मोठे नुकसान पत्करणारे ६१ टक्के, आणि स्वतःचा पक्ष नष्ट झाला तरी चालेल म्हणणारे ५४ टक्के! नुकसान मात्र ज्यांचे व्हायचे, त्यांची नावे या यादीत नव्हती.

मताधिकार मालमत्तेला जोडला की बहिष्कृत माणूस राजकारणातून पुसला जातो, हे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९१९ साली मुंबईत साउथबरो समितीपुढे मांडले होते. ती समिती ब्रिटिश सरकारचीच. शंभर वर्षांनी त्याच ब्रिटनमध्ये पंतप्रधान निवडण्याचा अधिकार वर्गणीच्या पावतीला जोडलेला होता.

१८ जूनच्या दूरचित्रवाणी चर्चेत साजिद जाविद यांनी पक्षातील मुस्लिमद्वेषाची चौकशी करण्याबद्दल इतर उमेदवारांकडून जागच्या जागी होकार घेतला. जाविद हे पाकिस्तानातून आलेल्या बसचालकाचे चिरंजीव. पुढे त्या चौकशीची व्याप्ती सर्व प्रकारच्या भेदभावापर्यंत पसरवण्यात आली आणि मूळ प्रश्न पातळ झाला. आपल्या वाचकांच्या जिव्हाळ्याची आणखी एक गोष्ट. तिथल्या दलित आणि आंबेडकरवादी संघटनांच्या लढ्यामुळे २०१३ मध्ये संसदेने समता कायद्यात जातीचा समावेश करणे सरकारला बंधनकारक केले होते. मेबाईंच्या सरकारने जुलै २०१८ मध्ये ते करणार नसल्याचे जाहीर केले आणि प्रश्न न्यायालयांवर सोपवला. संसदेची आज्ञा बाजूला सारण्याची सवय एकाएकी लागत नसते.

२३ जुलैला निकाल लागला. जॉन्सन ९२,१५३, हंट ४६,६५६. दुसऱ्या दिवशी जॉन्सन पंतप्रधान झाले. गणित तेच राहिल्याने कोंडी फुटली नाही. तेव्हा त्यांनी संसदच पाच आठवडे बंद ठेवण्याचा घाट घातला. २४ सप्टेंबरला सर्वोच्च न्यायालयाच्या अकरा न्यायमूर्तींनी एकमताने ते बेकायदेशीर ठरवले. त्याआधी, ३ सप्टेंबरला विरोधात मत दिलेल्या एकवीस खासदारांना संसदीय पक्षातून काढण्यात आले होते. त्यांत १९७० पासून सभागृहात बसलेले तेच केनेथ क्लार्क होते, आणि चर्चिल यांचे नातू निकोलस सोम्सही. ३१ ऑक्टोबरची मुदत टळली. गाठ सुटली ती १२ डिसेंबरच्या सार्वत्रिक निवडणुकीने, म्हणजे सर्व मतदारांना विचारल्यावर. जॉन्सन यांना ३६५ जागा मिळाल्या आणि ३१ जानेवारी २०२० रोजी ब्रिटन बाहेर पडले. तो कौल मला आवडला की नाही, हा प्रश्न अलाहिदा. तो देशाचा होता.

२०२२ मध्ये सभासदांनी पुन्हा पंतप्रधान निवडला. ८१,३२६ मतांनी आलेल्या लिझ ट्रस एकोणपन्नास दिवस टिकल्या. त्यानंतर खासदारांनी उमेदवारीसाठी शंभर जणांच्या पाठिंब्याची अट घातली. एकटे ऋषी सुनक उरले आणि सभासदांना विचारावेच लागले नाही. नियम मात्र तसाच ठेवला. २०२४ मध्ये सत्ता गेल्यावर त्याच नियमाने केमी बेडनॉक नेतेपदी आल्या. त्या वेळी यादीत १,३१,६८० नावे होती.