नाझी जर्मनीचे परदेशी साक्षीदार

अडॉल्फ हिटलरची हुकूमशाही उभी राहत असताना बर्लिनमध्ये राहून ती जवळून पाहणारे आणि लिहून ठेवणारे परदेशी वार्ताहर व राजनैतिक अधिकारी. ३० जानेवारी १९३३ रोजी हिटलर चान्सेलर झाला. २७ फेब्रुवारीला राइशस्टाग या संसदभवनाला आग लागली, दुसऱ्याच दिवशी नागरी हक्क स्थगित झाले आणि २३ मार्चला संसदेने कायदे करण्याचा अधिकार सरकारला देऊन टाकला. दोन महिन्यांच्या आत लोकशाही संपली आणि ती संपताना हे लोक तेथेच होते.

ब्रिटिश राजदूत सर होरेस रम्बोल्ड यांनी हिटलरचे ‘माइन काम्फ’ हे पुस्तक बारकाईने वाचले होते. २६ एप्रिल १९३३ च्या खलित्यात त्यांनी लंडनला बजावले, की हिटलरची शांततेची भाषा शस्त्रसज्जतेसाठी वेळ मिळवण्यापुरती आहे. अमेरिकेचे महावाणिज्यदूत जॉर्ज मेसरस्मिथ यांनीही जूनमध्ये वॉशिंग्टनला असाच इशारा दिला.

वार्ताहरांवरचा दबाव वेगळ्या प्रकारचा होता. टेलिफोनवर पाळत असे, आणि माहिती देणारा जर्मन माणूस पकडला गेला तर त्याची रवानगी छळछावणीत होई; म्हणून त्याचे नाव जपणे हे बातमीइतकेच मोठे काम ठरले. ‘शिकागो डेली न्यूज’चे एडगर मॉरर हे बर्लिनमधील परदेशी पत्रकार संघाचे अध्यक्ष होते. एका वृद्ध ज्यू सहकाऱ्याच्या सुटकेसाठी त्यांनी १९३३ मध्ये ते पद सोडले आणि त्याच वर्षी त्यांना देशही सोडावा लागला. भारतीय पत्रकार ए. सी. एन. नंबियार यांना राइशस्टागच्या आगीनंतर अटक करून पुढे देशाबाहेर काढण्यात आले.

सर्वांचा अंदाज सुरुवातीपासून अचूक नव्हता. अमेरिकी पत्रकार डोरोथी थॉम्पसन यांनी १९३१ मध्ये हिटलरची मुलाखत घेतली आणि हा माणूस हुकूमशहा होणार नाही असे लिहिले. सत्तांतरानंतर मात्र त्यांनी ज्यूंच्या छळाविषयी निर्भीडपणे लिहिले. ऑगस्ट १९३४ मध्ये अॅडलॉन हॉटेलात त्यांच्या हाती चोवीस तासांत देश सोडण्याचा हुकूम पडला.

अमेरिकी वार्ताहर विल्यम शायरर यांची बर्लिनमधील रोजनिशी १९४१ मध्ये प्रसिद्ध झाली. रम्बोल्ड यांचा खलिता ब्रिटिश मंत्र्यांपर्यंत पोचला होता, तरीही जर्मनीला चुचकारण्याचे धोरण पुढे वर्षानुवर्षे चालले. या राजवटीचे स्वरूप जगाला वेळेवर कळलेच नाही, हा दावा या लेखनापुढे टिकत नाही.