नाशिकचा हिरा कुठाय?

मुंबईत ऑपेरा हाउसच्या हिरेबाजारातल्या एका खोलीत मी अठ्ठावीस वर्षं हिरे निवडले. उत्तरेची खिडकी, पांढरा कागद, चिमटा आणि दहा पटीचं भिंग. शेठ मला नावानं हाक मारत नसत. "काय नाशिककर, तुमचा हिरा कुठाय?" ही त्यांची रोजची थट्टा.

तो हिरा म्हणजे 'नासक'. गोवळकोंड्याच्या खाणीतला, त्र्यंबकेश्वराला वाहिलेला. १८१८ साली दुसऱ्या बाजीरावाची सत्ता गेली, हिरा कंपनी सरकारच्या हाती लागला आणि लंडनला पोचला. तेव्हा वजन सुमारे ९० कॅरट, पैलू जेमतेम.

तिकडच्यांना तो बेढब वाटला. पण आपल्या कारागिराचा हिशेबच वेगळा होता. टॅव्हर्निये या फ्रेंच व्यापाऱ्यानं सतराव्या शतकात इथली रीत लिहून ठेवली आहे. खडा निर्मळ असेल तर चाकाला नुसता टेकवायचा, वजन घालवायचं नाही. आत डाग असेल, तर मात्र वरून बारीक बारीक पैलू पाडून तो झाकायचा. म्हणजे पैलूंची गर्दी दिसली की जाणत्यानं आधी संशयच घ्यावा! पारख आम्ही दिवसाउजेडी करतो, ते जुने कारागीर रात्री करत. भिंतीतल्या कोनाड्यात जाड वातीचा दिवा ठेवायचा आणि खडा बोटांत धरून त्याचं पाणी बघायचं. निळसर झाक शोधायला दाट पानांच्या झाडाखाली जात.

हे वाचून मी एकदा गावी बायकोची चमकी घेऊन आंब्याखाली उभा राहिलो. खड्यात पिवळट छटा दिसली. कागदावर ती मला कधी दिसली नव्हती. तिला अजून सांगितलेलं नाही.

लंडनच्या रंडेल अँड ब्रिज पेढीनं नासक घासून ८० कॅरटच्या आसपास आणला. १८३७ मध्ये वेस्टमिन्स्टरच्या मार्क्विसनं तो घेतला. पुढे १९४० मध्ये न्यूयॉर्कच्या हॅरी विन्स्टननं त्याला चौकोनी एमराल्ड कट दिला. उरले ४३.३८ कॅरट.

निम्म्याहून जास्त गेलं. जीव हळहळतो, पण निवडणाऱ्याचा डोळा कबूल करतो. उथळ खड्यात वरून शिरलेला उजेड खालून निसटतो, मधोमध बोटाची कातडी दिसते. पैलूंचा कोन बरोबर बसला की तोच उजेड तळाशी वळून डोळ्याकडे परत येतो. भाव कॅरटवर बोलतात खरा, पण गिऱ्हाइकाची मान वळते ती या उजेडानं. कोहिनूरही १८५२ मध्ये याच पायी १९१ कॅरटचा साधारण १०६ झाला.

हिऱ्याला हिराच घासतो. निघालेली भुकटी तेलात कालवून चाकाला लावतात आणि तिच्यावर पुढचा हिरा घासतात. म्हणून एकदा शेठना म्हटलं, "त्र्यंबकेश्वराचा निम्मा हिरा कुणाकुणाच्या अंगठ्यांचे हिरे घासण्यात गेला असेल."

शेठनी भिंग खाली ठेवलं आणि विचारलं, "भुकटीचा काय भाव होता तेव्हा?"