दिवंगत सोबत्याचा हिशेब



ज्या जैनाबादेत आज आपण जमलो आहोत, तेथील बागेत १६३१ च्या जून महिन्यात मुमताज महलचा देह प्रथम पुरला गेला. तापीपलीकडे बऱ्हाणपुरात चौदाव्या बाळंतपणात तिचा अंत झाला होता. सहा महिन्यांनी, डिसेंबरात, तो देह आग्र्यास नेण्यात आला. पुढे जे उभे राहिले ते जगाला ठाऊक आहे. इतिहासाचा विद्यार्थी या नात्याने मला या स्मरणात एक उणीव नेहमी जाणवत आली आहे. बादशहाची प्रीती संगमरवरात राहिली. एकामागून एक बाळंतपणे सोसून अडतिसाव्या वर्षी गेलेली स्त्री मात्र त्या घुमटाआड दिसेनाशी झाली. ती कशाने गेली, हे त्या वास्तूला विचारून कळत नाही.

मृताचे स्मरण करण्याची एक निराळी रीत मला एका अनपेक्षित मंडळींत आढळली. इंजिनाच्या आधाराविना, केवळ वाऱ्याच्या भरवशावर उडणाऱ्या ग्लायडर-चालकांची ही मंडळी. हडपसरच्या मैदानावर किंवा खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत ज्यांनी ग्लायडर पाहिला असेल, त्यांना त्या उड्डाणातली शांतता आठवेल. विंचने ओढलेला दोर सुटला की मागे उरतो तो पंखांवरून जाणाऱ्या वाऱ्याचा आवाज. तेथे चूक झाली तर ती झाकण्यास इंजिनाचे बळ नसते. म्हणूनच या लोकांना आपला सोबती का पडला, हे नेमके जाणून घेणे भाग होते.

त्यांच्यातला पहिला मोठा पुरुष ऑटो लिलिएंटाल. १८४८ साली प्रशियातील आंक्लाम गावी त्याचा जन्म झाला. बर्लिनमध्ये बाष्पक आणि यंत्रे बनविणारा त्याचा कारखाना होता, आणि त्याच्या नफ्याचा चौथा हिस्सा तो कामगारांना देत असे. धाकटा भाऊ गुस्ताव याच्यासह त्याने करकोच्यांचे उड्डाण वर्षानुवर्षे न्याहाळले, वक्र पंखावर वारा किती उचल देतो याची मोजमापे घेतली आणि १८८९ साली ती ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली. वयाची चाळिशी उलटल्यावर, १८९१ पासून, तो स्वतः उडू लागला. बर्लिनजवळ लिष्टरफेल्डे येथे त्याने त्यासाठी मातीची टेकडीच रचून घेतली. पाच वर्षांत सुमारे दोन हजार उड्डाणे त्याने केली. लांबात लांब झेप २५० मीटरांच्या घरात गेली. हवेतून तरंगणाऱ्या माणसाची छायाचित्रे देशोदेशी छापली गेली, आणि माणूस उडू शकतो हे वाद घालून पटविण्याची गरज उरली नाही.

त्याच्या यानाचा दोष त्याच्या शरीराशीच निगडित होता. तो पंखांच्या मधोमध हातांवर लोंबकळत असे आणि पाय झोकून तोल सांभाळत असे. ९ ऑगस्ट १८९६ रोजी श्टोलनजवळच्या गोलेनबेर्ग टेकडीवर त्याचे यान हवेत थबकले, त्याने पाय पुढे झोकले, पण यान सावरले नाही. सुमारे पंधरा मीटरांवरून तो कोसळला, पाठीचा कणा मोडला आणि दुसऱ्या दिवशी बर्लिनमध्ये त्याने प्राण सोडला. बलिदाने करावीच लागतात, अशा अर्थाचे उद्गार त्याच्या तोंडी घातले जातात आणि ते त्याच्या थडग्यावरही कोरलेले आहेत. मरणाऱ्याच्या मुखी असे गोळीबंद वाक्य आले की इतिहासकाराने जरा सावध व्हावे. ते त्याने त्या वेळी उच्चारले असेल, याविषयी अभ्यासकांना शंकाच आहे.

त्याचा इंग्रज चाहता पर्सी पिल्चर याने बर्लिनला जाऊन त्याच्याकडून उड्डाणाचे धडे घेतले होते आणि त्याचे एक यान विकतही घेतले होते. ३० सप्टेंबर १८९९ रोजी, ओल्या हवेत, त्याच्या ‘हॉक’ या ग्लायडरची शेपटी मोडली. दोन दिवसांनी तोही गेला. वय बत्तीस.

लिलिएंटालच्या मृत्यूची बातमी अमेरिकेत डेटनला पोहोचली तेव्हा सायकलींचे दुकान चालविणारे दोन भाऊ तेथे होते. धाकट्या ऑर्व्हिलला त्याच सुमारास विषमज्वराने गाठले होते. थोरल्या विल्बरने पुढे सांगितले की, या बातमीनेच उड्डाणाविषयीचे त्याचे कुतूहल पुन्हा जागे झाले. दोघांनी लिलिएंटालची मोजमापे प्रमाण मानली आणि त्यांवरून स्वतःचे ग्लायडर बांधले. १९०१ च्या उन्हाळ्यात किटी हॉकजवळच्या वाळूच्या टेकड्यांवर मात्र निराशा पदरी आली. हिशेबाने जेवढी उचल मिळावयास हवी होती, तिच्या जेमतेम एकतृतीयांश मिळाली.

आता या ठिकाणी काय होऊ शकले असते ते पाहा. मृत माणूस उत्तर देण्यास येत नाही. त्याचे तक्ते चुकीचे होते असे म्हणून मोकळे होणे सोपे होते, आणि तशी शंका दोघांच्याही मनात बळावली होती. थोर पुरुषाचा शब्द खोटा कसा ठरेल, असे म्हणत स्वतःच्याच कामाला दोष देणे हेही तितकेच सोपे होते. या भावांनी सहा फूट लांबीची लाकडी पेटी केली, तिच्यात पंख्याने वारा सोडला आणि १९०१ च्या अखेरच्या महिन्यांत दोनशेच्या आसपास लहान पंख तपासले. या पेटीला आपले विश्वकोशकार वातविवर म्हणतात. निष्कर्ष असा निघाला की लिलिएंटालने ज्या आकाराचा पंख मोजला होता, त्यापुरते त्याचे तक्ते बहुतांशी बरोबर होते. चूक होती ती वाऱ्याच्या दाबाच्या एका जुन्या आकड्यात. अठराव्या शतकातील अभियंता जॉन स्मीटन याच्या नावाने चालत आलेला ०.००५ हा आकडा सर्वांनी न तपासता स्वीकारला होता; तो ०.००३३ च्या जवळपास हवा होता. शिवाय या भावांचा पंख लिलिएंटालच्या पंखाहून आकाराने वेगळा होता. एकाच परीक्षेत मृताची बाजू उजळली आणि पुढची वाटही सापडली. १९०२ चा ग्लायडर याच नव्या तक्त्यांवर उभा राहिला, आणि १७ डिसेंबर १९०३ चे इंजिनासह उड्डाण त्याच्या पुढचे पाऊल होते.

आपल्याकडे शिवकर बापूजी तळपदे यांच्या वाट्याला असा परीक्षक आला नाही, याची मला खंत वाटते. मुंबईच्या चौपाटीवर त्यांनी १८९५ साली विमान उडविल्याची कथा आपण सारे ऐकत आलो. तिला समकालीन विश्वसनीय आधार मिळालेला नाही. ज्या ‘वैमानिक शास्त्र’ ग्रंथाशी त्यांचे नाव जोडले जाते, तो विसाव्या शतकातला असून त्यातील याने उडण्याजोगी नाहीत, असे बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील अभ्यासकांनी १९७४ साली दाखवून दिले. २०१५ मध्ये चित्रपट निघाला, जयजयकार झाला. पण त्या काळच्या मुंबईत उड्डाणाचा ध्यास घेणारा एक मराठी माणूस प्रत्यक्षात काय करू पाहत होता आणि कोठे अडला, हे चमत्काराच्या कथेखाली गाडले गेले. त्यांच्या कामाचा हिशेब कोणी मांडला असता, तर तो उणा निघाला असता तरी त्यांचा स्वतःचा असता.

विल्बर राइटने लिलिएंटालवर एक छोटा लेख लिहून ठेवला. एकोणिसाव्या शतकात उड्डाणाच्या प्रश्नाला भिडलेल्या साऱ्या माणसांत त्याने लिलिएंटालला निःसंशय पहिले स्थान दिले. तोल सांभाळण्याची त्याची पद्धत अपुरी होती, हेही त्याने दडविले नाही. पाच वर्षांच्या खटाटोपात लिलिएंटाल प्रत्यक्ष हवेत जेमतेम पाच तास राहिला असेल, हा हिशेब त्याने १९०१ मध्येच शिकागोच्या अभियंत्यांपुढे मांडला होता. तो कमीपणा दाखविण्यासाठी नव्हे, तर इतक्या अल्प सरावात त्याने किती साधले हे कळावे म्हणून. हा लेख अमेरिकेतील एरो क्लबच्या पत्रिकेत सप्टेंबर १९१२ मध्ये छापून आला. तोपर्यंत विल्बरही हयात नव्हता. ३० मे रोजी, पंचेचाळिसाव्या वर्षी, भावाला पूर्वी ज्याने गाठले होते त्याच विषमज्वराने तो वारला होता.