घर, शाळा आणि मधली दरी

जून १८५६ मध्ये धारवाडच्या सरकारी शाळेत एका महार मुलाने प्रवेश मागितला आणि तो नाकारला गेला. इतर मुले शाळा सोडून जातील, या भीतीने मुंबई इलाख्याच्या सरकारनेही हात आखडता घेतला. ‘त्यांच्या घरी विद्येची आवडच नाही’ हे वाक्य पुढे पिढ्यान्‌पिढ्या सहज उच्चारले गेले. दार कोणी लावून घेतले होते, याचा मात्र विसर पडला.

१८८२ साली हंटर आयोगापुढील निवेदनात जोतीराव फुले यांनी बोट ठेवले ते शिक्षणव्यवस्थेवर. प्राथमिक शिक्षण निदान बाराव्या वर्षापर्यंत सक्तीचे असावे, शिक्षक शेतकरीवर्गातूनही घडवावेत, अभ्यासात शेतीच्या ज्ञानाला स्थान असावे, अशा त्यांच्या मागण्या होत्या. शिकवणारा आणि शिकणारा यांच्यातील अंतर त्यांनी अचूक हेरले होते.

तरीही घराचा वाटा लहान नाही. साताऱ्याच्या शाळेत भीमराव आंबेडकर घरून आणलेल्या गोणपाटावर वेगळे बसत. शिपायाने वरून ओतले तरच पाणी मिळे. पुढे परळच्या चाळीतील एकाच खोलीत वडील रामजी सकपाळ मुलाला लवकर निजवीत आणि रात्री दोन वाजता अभ्यासाला उठवीत. पुस्तकांसाठी विवाहित मुलींचे दागिने गहाण ठेवण्यापर्यंत त्यांची मजल जाई. १९०७ साली भीमराव मॅट्रिक झाले. शाळेने दूर लोटलेला मुलगा घराने सावरला, हे खरेच. पण रामजी स्वतः लष्करी शाळेत शिकवीत असत, आणि ही विद्या त्यांना लष्करातच लाभली होती. म्हणजे हे घरदेखील आधीच्या एका शाळेनेच घडवले होते! चरित्रकथा सांगताना हा धागा बहुधा निसटतो.

कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले, तर १९१९ मध्ये अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून सर्व मुलांना एकत्र बसवण्याचा हुकूम काढला. १९०१ पासून त्यांच्या आश्रयाने उभी राहिलेली वसतिगृहे बहुतांशी जातवार होती. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी साताऱ्याच्या वसतिगृहात सर्व जातींची मुले एका पंक्तीत जेवू घातली. मुलांना तिथे दिवा, भाकरी आणि अभ्यासाची वेळ मिळाली. घराला जे देता येत नव्हते, ते शाळेने आपल्या अंगावर घेतले.

अमेरिकेत १९६६ साली जेम्स कोलमन यांच्या अहवालाने कृष्णवर्णीय व श्वेतवर्णीय मुलांच्या गुणांतील तफावत मांडली. घराचा प्रभाव शाळेहून मोठा, हा त्याचा निष्कर्ष गाजला. वंचित मुलांवर शाळेच्या दर्जाचा परिणाम इतरांपेक्षा अधिक होतो, ही त्याच अहवालातील नोंद मात्र फारशी कोणी उचलली नाही. भाऊरावांचे वसतिगृह तोवर कित्येक वर्षे हेच सिद्ध करीत आले होते.

शिक्षणहक्क कायद्यातील पंचवीस टक्के राखीव जागांना राजस्थानातील विनाअनुदानित खासगी शाळांच्या संघटनेने सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले. १२ एप्रिल २०१२ रोजी न्यायालयाने ही तरतूद वैध ठरवली; विनाअनुदानित अल्पसंख्याक शाळा तेवढ्या वगळल्या. जयपूरच्या सी-स्कीमसारख्या सधन वस्तीत चालकाचे मूल आणि मालकाचे मूल एका बाकावर बसू शकेल, अशी वाट त्यामुळे मोकळी झाली. मात्र शाळा सुटल्यावर एकाची शिकवणी सुरू होते, आणि दुसऱ्याला गृहपाठात अडले तर विचारावे असे घरी कोणी नसते. त्या संध्याकाळच्या तीन तासांविषयी कायद्यात एकही कलम नाही.