जावा मोटारसायकलीचा जीर्णोद्धार

देवळाचा जीर्णोद्धार, किल्ल्याची डागडुजी, जुन्या पोथीची दुरुस्ती हीं कामें आपल्या समाजांत मानाचीं समजलीं जातात. मोटारसायकलीचा जीर्णोद्धार म्हटलें म्हणजे मात्र पुष्कळांना हंसूं येतें. गंजलेलें लोखंड तें काय आणि त्याचा इतिहास तो काय, असा प्रश्न विचारला जातो. परंतु इतिहास हा केवळ ताम्रपटांत आणि शिलालेखांतच असतो असें नाहीं. माणसाच्या हातानें घडलेल्या कोणत्याहि वस्तूंत, ती वाचतां आली तर, तिच्या कर्त्यांचा, काळाचा आणि देशाचा लेख सांपडतो. आपल्याकडे एके काळीं गांवोगांव ठाऊक असलेल्या जावा मोटारसायकलीचें उदाहरण या दृष्टीनें विचार करण्यासारखें आहे. तिचा म्हैसूरचा कारखाना १९९६ सालींच बंद पडला. आतां तिचा हरवलेला एकेक भाग शोधणें म्हणजे तिच्या चरित्राचें एकेक पान शोधणें होऊन बसलें आहे.

जावा हें नांव ऐकून पुष्कळांना त्या नांवाचें बेट आठवतें. पण बेटाशीं या गाडीचा कांहींएक संबंध नाहीं. चेकोस्लोव्हाकियाची राजधानी प्राग येथें फ्रांटिशेक यानेचेक नांवाचे एक शस्त्रास्त्रांचे कारखानदार होते. पहिल्या महायुद्धानंतर शस्त्रांची मागणी ओसरली, तेव्हां त्यांनीं दुसरा धंदा शोधला. १९२९ सालीं जर्मनीच्या वाँडरर कंपनीकडून पांचशें घनसेंटिमीटरच्या मोटारसायकलीचे हक्क त्यांनीं विकत घेतले, आणि यानेचेक व वाँडरर या नांवांचीं पहिलीं दोन-दोन रोमन अक्षरें जोडून गाडीचें नांव ठेविलें. चेक लोक त्या नांवाचा उच्चार 'यावा' असा करितात. ती पहिली गाडी भारी किंमतीची होती, आणि नेमकें त्याच वेळीं जगावर मंदीचें संकट कोसळलें. यानेचेक डगमगले नाहींत. जॉर्ज पॅचेट या इंग्रज तंत्रज्ञाच्या साह्यानें त्यांनीं १९३२ मध्यें व्हिलियर्सचें लहान इंजिन बसविलेली १७५ घनसेंटिमीटरची स्वस्त गाडी काढली. सामान्य माणसाच्या खिशाला परवडणाऱ्या त्या गाडीनें कारखाना तारला.

१९३९ च्या मार्च महिन्यांत हिटलरच्या सैन्यानें प्राग व्यापलें. कारखान्यास जर्मन लष्कराचीं कामें करणें भाग पडलें. यानेचेक १९४१ सालीं वारले. तथापि त्यांचे अभियंते स्वस्थ बसले नाहींत. परक्या सत्तेच्या डोळ्यांदेखत, पण तिच्या नकळत, त्यांनीं युद्धानंतरच्या काळासाठीं अडीचशें घनसेंटिमीटरच्या एका नव्या गाडीची आंखणी केली. नमुन्याच्या गाड्या रस्त्यावर चालवून पाहतांना संशय येऊं नये म्हणून त्यांच्यावर डीकेडब्ल्यू या जर्मन गाडीचें चिन्ह लावण्यांत येई. १९४६ सालीं पॅरिस येथील प्रदर्शनांत ती गाडी जगापुढें आली. तिच्या मागील चाकालाहि स्प्रिंगांचा आधार होता. युद्धकाळीं प्रागमध्यें, पायांना स्प्रिंगा लावून घरांवरून उड्या मारणाऱ्या 'पेराक' नांवाच्या एका काल्पनिक पुरुषाच्या कथा लोक एकमेकांस सांगत. त्याचेंच नांव लोकांनीं या गाडीला दिलें. १९५४ च्या सुमारास तिची सुधारलेली आवृत्ति निघाली. तिचें मागील चाक झुलत्या दांड्यांवर बसविलेलें होतें. आपल्याकडे रुजली ती हीच शाखा होय.

भारतांत १९५० नंतरच्या दशकांत या गाड्या तयार होऊन बाहेरून येत. मुंबईचे रुस्तुम इराणी हे त्यांचे आयातदार होते. पुढें सरकारनें तयार गाड्यांच्या आयातीवर निर्बंध घातले, तेव्हां इराणी मंडळींनीं आयडियल जावा ही कंपनी काढून म्हैसूर येथें कारखाना उभारला. १९६१ सालीं म्हैसूरचे महाराज जयचामराजेंद्र वडियार यांच्या हस्तें त्याचें उद्घाटन झालें. १९७३ पासून गाडीला 'येझदी' हें नांव मिळालें. इराणांतील यझ्द या शहरावरून तें घेतलेलें आहे. नांव बदललें तरी इंजिनाचा मूळ घाट पुष्कळसा तोच राहिला. पुढें १९८० नंतरच्या दशकांत जपानी सहकार्यानें निघालेल्या, थोड्या पेट्रोलवर दूर जाणाऱ्या गाड्या बाजारांत आल्या. धुराविषयींचे नियमहि कडक झाले. आणि शेवटीं कारखान्याचें दार लागलें. तें लागतांच सुट्या भागांचा मूळ झरा आटला.

येथून पुढें जीर्णोद्धाराच्या कामास आरंभ होतो. तें काम समजण्यास गाडीची रचना थोडी ध्यानांत घेतली पाहिजे. जावाचें इंजिन दुहेरी धांवेचें, म्हणजे ज्यास आपण टू-स्ट्रोक म्हणतों त्या जातीचें. सिलिंडर एकच, परंतु धूर बाहेर टाकणारे सायलेन्सर दोन, एक डाव्या अंगास व एक उजव्या. किक मारण्याचा आणि गिअर बदलण्याचा दांडा एकच. तो आंत दाबून मागें वळविला म्हणजे किक होते, आणि इंजिन चालूं झाल्यावर पुन्हा पुढें आणला म्हणजे त्यानेंच गिअर पडतो. गिअर बदलतांना क्लचहि आपोआप सुटतो. चेन संपूर्ण पत्र्याच्या आवरणांत झांकलेली. वेग दाखविणारें घड्याळ दिव्याच्याच डोक्यांत बसविलेलें. पेट्रोलच्या टाकीच्या दोन्ही बाजूंस क्रोमचा चकचकीत मुलामा, गुडघे टेंकण्यास रबरी गाद्या, आणि रंगावर हातानें ओढलेल्या बारीक सोनेरी रेघा. हे सर्व भाग एकमेकांशीं इतके बांधलेले आहेत कीं, एक हरवला तर दुसरा त्याच्या जागीं सहजासहजीं चालत नाहीं.

जाणता माणूस पाना हातीं घेण्यापूर्वीं प्रथम आंकडे वाचतो. सांगाड्यावर एक क्रमांक ठोकलेला असतो, इंजिनावर दुसरा. हे दोन्ही क्रमांक नोंदणीच्या पुस्तकांतील क्रमांकांशीं जुळले तर गाडी आपल्या मूळ शरीरासह शिल्लक आहे असें समजावें. न जुळले तर मध्यंतरीं केव्हां तरी तिला दुसऱ्या गाडीचें इंजिन मिळालेलें आहे. कागदपत्र तपासणारा संशोधक शाई, अक्षर व शिक्का पाहतो, तसेंच हें आहे. त्यानंतर गाडी खोलावयाची. परंतु प्रत्येक भागाला चिठ्ठी बांधून, त्याची जागा टिपून आणि छायाचित्र घेऊन. घाईनें खोललेली गाडी पुन्हा जुळत नाहीं, हा अनुभव पुष्कळ गॅरेजांत कोपऱ्यांत पडलेल्या पोत्यांवरून येतो.

इंजिनांत सर्वांत फसवा भाग म्हणजे ऑइल सील. टू-स्ट्रोक इंजिनांत पेट्रोल व हवा यांचें मिश्रण प्रथम पिस्टनच्या खालच्या पेटींत, क्रँकच्या भोंवतीं, शिरतें; तेथें तें दाबलें जातें आणि मग सिलिंडरमध्यें चढतें. म्हणून ही पेटी हवाबंद असली पाहिजे. वर्षानुवर्षें गाडी उभी राहिली म्हणजे सीलचें रबर कडक होऊन चिरा पडतात, बाहेरची हवा आंत ओढली जाते, मिश्रण पातळ होतें, आणि इंजिन सुरूं झालें तरी तापून पिस्टन धरतो. वरून रंग झळझळीत असलेली गाडी चार कोसांत बंद पडते ती अशा कारणानें. सिलिंडर झिजला असेल तर लेथवर नेऊन बोअर करावा लागतो, आणि त्या मापाचा पिस्टन मिळवावा लागतो. मूळ सिलिंडराचा व्यास ६५ मिलिमीटर. बोअर करतां करतां भिंत पातळ झाली असेल तर तोहि मार्ग खुंटतो.

हरवलेल्या भागांचा शोध ही तर स्वतंत्र यात्राच आहे. पुण्याच्या नाना पेठेंतील सुट्या भागांचीं दुकानें, तेथीलच जुना बाजार, मुंबईचा चोर बाजार, आणि स्वतः म्हैसूर शहर हीं तिचीं क्षेत्रें. पुष्कळदां दुकानापेक्षां निवृत्त मिस्त्रीच्या माळ्यावरील डबा अधिक उपयोगी पडतो. चेक देशांत जुन्या जावांचे भाग नव्यानें घडविणारे कारखाने आहेत. तेथूनहि माल मागवितां येतो. दर वर्षीं जुलैच्या दुसऱ्या रविवारीं जावा आणि येझदीचे शौकीन ठिकठिकाणीं जमतात. त्या मेळ्यांत गाड्यांच्या मिरवणुकीइतकेंच, कोणापाशीं काय आहे याच्या चौकशीलाहि महत्त्व असतें.

येथेंच खरा प्रश्न उभा राहतो. येझदीचे बरेच भाग जावाला बसतात आणि चालतातहि. १९६२ सालच्या जावावर १९८० सालच्या येझदीचा दिवा लावला तर रात्रीं उजेड पडेल. परंतु प्राचीन ग्रंथांत मागाहून घुसडलेल्या श्लोकाप्रमाणें तो दिवा प्रक्षिप्त ठरेल. २०१८ पासून जावा हें नांव धारण करणाऱ्या नव्या गाड्या भारतांत निघूं लागल्या. त्या जुन्या वळणाच्या दिसतात, पण त्यांचें इंजिन फोर-स्ट्रोक आणि पाण्यानें थंड होणारें. त्यांचा भाग जुन्या गाडीच्या उपयोगीं पडत नाहीं. मग करावें काय? मूळ भाग मिळेपर्यंत गाडी पन्नास वर्षें उभी ठेवणें हेंहि शहाणपणाचें नव्हे, कारण यंत्र हें चालण्यासाठींच असतें. उत्तर असें कीं, नवा भाग बसवावा, पण तो नवा आहे ही नोंद लिहून ठेवावी, आणि काढलेला जुना भाग भंगारांत न टाकतां गाडीबरोबर जपून ठेवावा.

या नियमाच्या अभावीं मोठी हानि होत आली आहे. एक गाडी पुरी करण्यासाठीं दोन गाड्या फोडल्या जातात, आणि फोडलेल्यांची कोठेंच नोंद राहत नाहीं. शौकिनांनीं किंमत वाढविल्यापासून इंजिनावरील आंकडे घांसून नवे ठोकण्याचे प्रकारहि घडतात. कायद्यानें तो गुन्हा आहेच. पण इतिहासाच्या दृष्टीनें तो त्याहून मोठा अपराध होय, कारण एकदां घांसलेला आंकडा पुन्हा सहसा कोणाला वाचतां येत नाहीं. कित्येकदां हेतु चांगला असूनहि हानि होते. सोनेरी रेघा अद्याप शाबूत असलेली टाकी केवळ नवी दिसावी म्हणून तासून रंगविली जाते, आणि त्या रेघा ओढणाऱ्या कारागिराचा हात कायमचा पुसला जातो.

लोखंड एक वेळ पुन्हा घडवितां येतें. परंतु म्हैसूरच्या कारखान्यांत हयात घालविलेले कामगार, आणि इंजिनाच्या नुसत्या आवाजावरून दोष सांगणारे गांवोगांवचे मिस्त्री आतां वृद्ध झाले आहेत. कोणता नट कोणत्या सालीं बदलला, कोणत्या पिस्टनला किती सैल ठेवावें, हें त्यांच्या बोटांत आहे, कागदावर नाहीं. युद्धकाळीं प्रागच्या अभियंत्यांनीं जें ज्ञान जिवावर उदार होऊन जपलें, तें येथें केवळ कोणी विचारलें नाहीं म्हणून नाहींसें व्हावें, हें योग्य नव्हे. म्हणून ज्या घरांत अशी एखादी गाडी अंगणांत गंजत उभी असेल, त्या घरच्या तरुणांनीं पाना घेण्याआधीं वही घ्यावी, गांवांतील जुन्या मिस्त्रीला घरीं बोलवावें, आणि तो सांगेल तें लिहून घ्यावें. हरवलेले भाग शोधतां शोधतां मिळतील. तो माणूस मात्र गेल्यावर मिळणार नाहीं.